घासलेटच्या डब्यातला निवडुंग

सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर जेवणारी माणसं हजारांनी होती, पण अमावस्येवर जगणारी एकटी बाळाबाईच. म्हणजे तिचं काही देवदेवस्कीचं नव्हतं हं! अमावस्या आली की ती लोटीभर पाणी घ्यायची, खिडकीतल्या घासलेटच्या डब्यात कडेकडेनं सोडायची आणि डबा जरासा फिरवून ठेवायची, म्हणजे झाड उन्हाच्या एकाच अंगाला कलू नये. झालं. पुढच्या अमावस्येपर्यंत त्या डब्याला पाण्याचा थेंब मिळायचा नाही, मग मध्ये कुणी कितीही हळहळो.

आणि डब्यात होतं काय? तुळस? मोगरा? छे हो! फड्या निवडुंग. शेतकरी ज्याला कुऱ्हाडीनं तोडतो, जाळतो, शिव्या घालतो आणि तरी पुढच्या साली जो बांधावर हजर असतो, तो. गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत, दक्षिणेच्या खिडकीत, बाईनं तो लाडानं वाढवला होता. चाळीतली माणसं तिला वेडी म्हणायची. तोंडावर नाही म्हणायची, कारण बाळाबाईचं तोंड साऱ्या चाळीला ठाऊक होतं.

शेजारची सुंदरम्मा तेवढी बोलायची. ती विणकराच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. "अय्यो बाळाबाई, घरात काट्याचं झाड ठिवत्यात का कुणी? भांडणं लागत्यात की!"

"कुणाची लागत्यात?" बाळाबाई म्हणायची. "घरात मानसं दोन. मालकान्ला भांडता येत न्हाय, आन् मला एकटीला भांडायचा कटाळा येतो."

ते मात्र खरं होतं. बिरप्पासारखा गरीब नवरा शोधून सापडला नसता. तो गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. संध्याकाळी घरी यायचा तो केसांपासून पायाच्या नखापर्यंत पांढरा होऊन. आला की कोपऱ्यात बसायचा, चहा प्यायचा आणि हसायचा. मूलबाळ नव्हतं. बायकोला निवडुंग आवडतो ना, मग असू दे, एवढंच त्याचं म्हणणं.

पण आवडीचा प्रश्नच नव्हता. निवडुंग काय आवडायची वस्तू आहे?

बाळाबाई मूळची माण नदीकाठची, सांगोल्याकडची. बाप मायाप्पा शेळ्या-मेंढ्या राखायचा. ती आठ-नऊ वर्षांची असताना तो मोठा दुष्काळ पडला. गवत संपलं, पाला संपला, झाडांच्या साली संपल्या. आई त्यातच गेली आणि मागं राहिला सहा महिन्यांचा सिदा, म्हणजे सिद्धाप्पा. त्याला पाजणार कोण? मायाप्पानं मग निवडुंगाचे फडे तोडायला सुरुवात केली. फडा म्हणजे त्याचं ते जाड, नागाच्या फणीसारखं पान. जाळावर धरून काटे भाजून काढायचे, कोयत्यानं तुकडे करायचे आणि शेळ्यांपुढं टाकायचे. पोरगी जाळ घालायची, बाप भाजायचा. चाळीस जनावरांतली नऊ उरली, पण त्या नवांत एक दुभती होती. तिच्या दुधात चिंधी बुडवून बाळाबाईनं भावाला चोखायला दिली. सिदा वाचला तो तसा.

पुढं ती लग्न होऊन सोलापुरात आली. सिदा बापाजवळ राहिला, मोठा झाला, शेळ्यांमागं फिरू लागला. मायाप्पा मरायला टेकला तेव्हा बाळाबाई धावत गेली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "सिदाला संबाळ." दुसरं काही बोलला नाही. दिवसकार्य आटोपून निघताना तिनं शेळ्या कोंडायच्या वाडग्याच्या कुंपणावरचा एक फडा कापला, फडक्यात गुंडाळला आणि सोलापुरास आणला. वाटेत तिनं मनाशी एक गाठ मारली. हा फडा जगतोय तोवर माझा सिदा जगतोय. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांचं बळ जातं, असं तिला वाटायचं. आणि लोक हसले असते ते वेगळंच.

आधी डबा दारात ठेवला होता. दोन दिवसांत कुणा भल्या माणसानं तो उचलून गटाराच्या कडेला फेकला. बाळाबाईनं फडा पुसला, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या भल्या माणसाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि डबा खोलीत नेला. तेव्हापासून तो घरातला झाला.

आता रानातलं झाड घरात ठेवायचं म्हणजे सोपं नसतं. सुंदरम्मा म्हणाली, चांगली काळी माती घाल, शेणखत घाल. बाळाबाईनं ऐकलं नाही. काळी माती पाणी धरून बसते आणि ह्याला तर पाण्याचं वावडं. तिनं डब्याच्या बुडाला खिळ्यानं सात भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे टाकले आणि वर मुरूम नि नदीची वाळू भरली. "ज्याला माळावर ऱ्हायची सवं, त्याला गादीवर झोप येत न्हाय," ती म्हणायची.

तरी एकदा घात झालाच. सिदाच्या लग्नाला ती पंधरा दिवस माहेरी गेली. नवरी मायाक्का चांगली दणकट पोरगी होती, बाळाबाई खूश होऊन परत आली. बघते तर निवडुंगाचं बूड पिवळं, बोट लावलं तर आत जातंय. बिरप्पा अपराधी तोंडानं उभा. "बिचाऱ्याला तान लागली असंल म्हनून रोज तांब्याभर घालत होतो." मायेनं मारलं हो त्यानं! बाळाबाईनं कपाळावर हात मारला, पण नवऱ्याला बोलली नाही. वरचा चांगला फडा कापून घेतला, सावलीत फळीवर आडवा ठेवला आणि बजावलं, "आता आठ दिस ह्याला हात लावायचा न्हाय. काप वाळला पायजे. वल्या जखमंवर माती लावली की सडतंय." आठ दिवसांनी कापावर सुकी, कातड्यासारखी खपली धरली, मग तिनं तो वाळूत उभा केला. महिन्याभरानं त्यानं मूळ धरलं. पुढच्या सात-आठ वर्षांत एकाचे बारा फडे झाले.

मग आला बत्तीस सालचा उन्हाळा. वैशाखात एके दिवशी दुपारी सिदा दारात उभा. खांद्यावर घोंगडं, पायांत नवी पायताणं. बाळाबाईला आभाळ ठेंगणं झालं. दोन वर्षांनी भाऊ आलेला. तिनं भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी काढली, वर लोणी वाढलं. सिदानं घोंगडं खांद्यावरून उतरवलं आणि सहज निवडुंगावर टाकलं. त्यात त्याचं काय चुकलं? लहानपणापासून वाडग्याच्या कुंपणावर घोंगडं टाकायची सवय. निवडुंग दिसला की हात आपोआप तसा जायचा.

"काय करतोस सध्या?" तिनं विचारलं.

सिदा ऐटीत सांगू लागला, "सरकारी काम हाय अक्का. किडं लावायचं."

"कसलं किडं?"

"ह्येच की, निवडुंगाचं. सरकारनं कुटनं तरी लांबनं आणल्यात. किडं पडलेला फडा पाटीत घालायचा आन् गावोगाव निवडुंगावर नेऊन ठिवायचा. दोन-तीन म्हयन्यात सगळा निवडुंग इरगळून पडतोय बग! लई बेस. आपल्या खालच्या अंगाचं समदं रान मोकळं झालं."

बाळाबाईचा हात भाकरीवरच थांबला. "आपल्या वाडग्याचं कुपान?"

"ते तर पयलं लावलं म्या."

तिला काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. अंगावर सरसरून काटा आला आणि त्यामागून संताप. "बा नं ज्याच्यावर शेळ्या जगवल्या त्याला तू किडं लावलंस? तुझ्या हातानं?"

सिदाही धनगराचाच होता. तोही चिडला. "तुला हितं खिडकीत बसून काय हुतंय? तितं येऊन बग. निम्मं रान त्या काट्यानं गिळलं. शेळ्यांच्या तोंडात बारीक कुसं भरत्यात, जिभा सुजत्यात. गेल्या साली दोन करडं उपाशी मेली माझी. दुष्काळ कवाच्या काळातला! मला तर त्यो आठवत बी न्हाय."

आठवत नाही! ज्याला चिंधी चोखवून जगवला त्याला आठवत नाही. खरं तर सहा महिन्यांच्या पोराला काय आठवणार? पण रागाला एवढा हिशेब कुठं असतो? तिला सांगायचं होतं, तू त्या काट्यावर वाचलास रे. पण तोंडातून निघालं भलतंच.

"ऊठ. ऊठ हितनं! पुन्यांदा ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस."

सिदा अर्ध्या भाकरीवरून उठला. हात धुतला, निवडुंगावरचं घोंगडं उचललं आणि मागं न बघता जिना उतरला. सुंदरम्मा आपल्या दारात उभी होती. "म्हणलं नव्हतं मी? काट्याचं झाड..."

"तू गप!" बाळाबाई ओरडली आणि दार लावून घेऊन ढसाढसा रडली.

त्यानंतर एक महिना तिचं कशात लक्ष नव्हतं. निवडुंगावर कुठंकुठं पांढरं दिसत होतं, ते तिला दिसलं नाही असं नाही. पण कापूस पिंजणाऱ्याच्या घरात पांढऱ्याचं काय नवल? अंथरुणावर कापूस, भाकरीच्या टोपल्यात कापूस, बिरप्पाच्या भुवयांवर कापूस. तिनं एक-दोनदा फुंकर मारली. पुंजका उडाला नाही. चिकटला असेल म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती. गिरणीवाल्याच्या घरातच व्हायची.

मग एका सकाळी मधला फडा आपोआप गळून खाली पडला. बाळाबाईनं उचलला. त्यावरचा कापसाचा पुंजका चिमटीत धरून दाबला, तर बोटं लाल झाली. रक्तासारखी लाल. कापसात रक्त कसं? तिनं दुसरा दाबला, तिसरा दाबला. प्रत्येक पुंजक्याच्या आत एक फुगलेला किडा होता. तिला खिडकीत टाकलेलं घोंगडं आठवलं. लोकरीला चिकटून आलेले. भावानं आणलेले. ती मटकन खाली बसली. सिदाचं काही बरंवाईट तर नसेल?

मग उठली, पदर खोचला आणि डब्याला म्हणाली, "बघतेच. कसा मरतोस ते बघते."

आधी तंबाखू उकळून त्याचं पाणी शिंपडलं. ते किड्यांवरून ओघळून गेलं. त्यांच्या अंगावर मेणासारखं काहीतरी होतं. मग तिनं त्यात साबण किसून घातला. आता पाणी आत शिरलं. केरसुणीच्या काडीला चिंधी बांधून ती एकेक पुंजका पुसायची, चिरडायची, काडी चुलीत टाकायची. बोटांत बारीक काटे घुसायचे. ते चिमट्यानं काढायची आणि पुन्हा सुरू. सकाळी पुसावं, तर चार दिवसांनी नवीन पांढरे ठिपके. किडा पडलेला फडा ती कापून सरळ चुलीत घालायची. बाराचे आठ झाले, आठाचे चार.

सांगोल्याकडून सोलापूरच्या बाजाराला कुणी आलं की ती गाठून विचारायची, "आमचा सिदा बरा हाय न्हवं?"

"बरा हाय की. झकास चाललंय त्येचं."

"मग बरं," म्हणायची आणि चालू लागायची. त्याला चार शब्दांचा निरोप धाडायला काय झालं होतं? पण नाही. हाकलून दिलेल्या माणसाला बोलवायचं कोणत्या तोंडानं? जीव तिळतिळ तुटायचा, पण मान ताठ.

आषाढ लागला तेव्हा एकच फडा राहिला होता, शेंड्याचा. तळहाताएवढा. तिनं तो कापला, साबणाच्या पाण्यानं सात वेळा पुसला, आठ दिवस वाळवला. आणि मातीत लावला नाही. डब्यातली सगळी माती तव्यावर भाजून बाहेर फेकली, डबा जाळावर तापवला, आणि फडा घातला शिंक्यात. दुधाचं मडकं काढून त्या जागी निवडुंग! ना माती, ना पाणी. त्यातच तो अडीच महिने लोंबत राहिला. सुरकुतला, बारीक झाला, पण हिरवा राहिला. ती रोज सकाळी टाचा उंच करून त्याला दोन्ही अंगांनी बघायची. चाळीतल्या बायका आपसात म्हणायच्या, बाई कामातून गेली.

आणि तिनं घरात कायदा काढला. पांढरं काही आत यायचं नाही. बिरप्पानं गिरणीतून आल्यावर जिन्याखाली कपडे झटकायचे, डोकं पुसायचं, दाराबाहेर धोतर बदलायचं, मगच उंबरा ओलांडायचा. म्हणजे घरात जे पांढरं दिसेल ते कापूस नसणार, किडाच असणार. घोंगडी तर सगळीच बाहेर गेली, सुंदरम्माच्या घरी. त्या हिवाळ्यात धनगराच्या घरात घोंगडं नव्हतं! बिरप्पा दोन धोतरं एकावर एक पांघरून कुडकुडला. एकदा फक्त म्हणाला, "त्या फड्यापेक्षा मी बरा न्हवं का?"

"तुमाला मी हाय," बाळाबाई म्हणाली. "त्याला कोन हाय?"

बिरप्पा हसला आणि तिसरं धोतर शोधू लागला.

दिवाळीच्या आधीच्या अमावस्येला तिनं फडा नव्या मुरमात लावला. फाल्गुनात त्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढा कोवळा कोंब दिसला. तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी बिरप्पाच्या ताटात गूळ-शेंगदाण्याची पोळी पडली आणि कोणता सण म्हणून त्यानं विचारलं, तर "खावा गप" असं उत्तर मिळालं.

वर्षं गेली. बाहेरचा सगळा निवडुंग विरघळून गेला. खोटं कशाला बोला, लोकांचं भलंच झालं. काट्याखालची रानं नांगराखाली आली, चरायला माळ मोकळे झाले. सिदाचंही बरं चाललं होतं म्हणे, साठ शेळ्या झाल्या होत्या. फक्त तो आला नाही. नागपंचमीला चाळीतल्या बायकांना न्यायला भाऊ यायचे, जिन्यात पायताणं वाजायची. बाळाबाई त्या दिवशी दाराकडं बघायची नाही, डब्याकडं बघायची. हिरवा हाय, म्हणजे बरा हाय. मग तोंड फिरवून भांडी घासायला बसायची. भांडी त्या दिवशी आरशासारखी निघायची.

सहा वर्षं अशी गेली. मग एक पावसाळा कोरडा गेला, नि त्याच्या पुढचाही. सांगोल्याकडची माणसं पोटामागं सोलापुरात येऊ लागली. बाळाबाई प्रत्येकाला विचारायची आणि प्रत्येक जण सांगायचा, "सिदा हाय तितंच. जनावरं इकतोय म्हनं."

एक दिवस दुपारी ती जात्यावर बसली होती. जिन्यात पायताणं वाजली आणि दारापाशी थांबली. उंबऱ्याच्या आत कुणी आलं नाही. तिनं वर बघितलं. सिदा होता. दाढी पांढरट, गाल बसलेले, खांद्यावर तेच घोंगडं. तीन दिवस चालून आलेला.

"अक्का," तो म्हणाला. "उंबऱ्यावर पाय ठिवू का नगं?"

तिचा जीव कसा गोळा झाला! पण तोंडातून काय यावं? "घोंगडं खाली ठिवून ये. जिन्याखाली. आन् अंग झाड."

सिदा मुकाट्यानं खाली गेला, घोंगडं ठेवलं, अंगरखा झटकला आणि वर आला. तिनं त्याला दारातच उभा करून खांदे, पाठ, मुंडासं सगळं नजरेनं चाचपलं. मग बाजूला सरली. आत आल्यावर त्याची नजर खिडकीकडं गेली आणि तो जागीच थांबला. डब्यात कमरेएवढा निवडुंग उभा होता, अकरा-बारा फड्यांचा, हिरवागार.

"अक्का... ह्यो जित्ता कसा? सबंद मुलखात एक न्हाय."

"तू जित्ता हायस म्हनून," ती म्हणाली, आणि मग तिला आवरलं नाही. सगळं सांगितलं. आईचं मरण, भाजलेले फडे, दूध, चिंधी, बापाचा शेवटचा शब्द, वाटेत मारलेली गाठ. किडे, साबण, शिंकं. इतक्या वर्षांचं एका दमात. सिदा ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं दाराकडं बघितलं, जिन्याकडं, जिथं त्याचं घोंगडं होतं. मग निवडुंगाकडं बघितलं. त्याच्या ध्यानात आलं.

"म्हंजी अक्का, त्या दिशी म्याच..."

"जेव आदी," ती म्हणाली.

त्यानं हातात भाकरी घेतली आणि पुन्हा ताटात ठेवली. "साठातल्या एकवीस ऱ्हायल्यात," तो म्हणाला. "चारा न्हाय. जुनी मानसं म्हणत्यात, निवडुंग असता तर भाजून घातला असता. पर त्यो हाय कुटं? म्या मागं मागं फिरून एक ठिवला न्हाय." तो खाली बघून बोलत होता. "कुनीतरी सांगितलं, तुझ्या बहिनीच्या खिडकीत हाय. मला खरं वाटलं न्हाय. मागायला तोंड बी न्हाय मला. पर आलो."

"ह्या साली ह्याचा उपेग न्हाय व्हायचा."

"ठावं हाय. ह्या सालचं जे हाय ते भोगतो. फुडच्यासाठी पायजे."

"किडं?"

"न्हाईत. खायला निवडुंगच ऱ्हायला न्हाय तवा तेबी मेलं. चार वरसं झाली, दिसला न्हाय."

बाळाबाईनं विळी धुतली. निवडुंगापाशी उभी राहिली. मग एकेक करत पाच फडे कापले, सगळ्यांत चांगले. "रानात सोडायचा न्हाय," ती दटावून म्हणाली. "वाडग्याच्या आत लावायचा, नजरंसमोर. वाढला की छाटायचा. त्यानं रान गिळलं ते खरंच हाय. आन् त्याच्या अंगाला घोंगडं लागू द्यायचं न्हाय."

"व्हय." सिदा उठला आणि मुंडाशाचं फडकं सोडू लागला. "बांधून दे. आत्ताच निगतो. मायाक्का एकटी हाय शेळ्यांपाशी."

"खुळा का काय? वला काप हाय. आसाच नेलास तर वाटंतच सडंल. आठ दिस वाळाय लागतोय."

"आठ दिस?"

"आठ दिस."

सिदानं फड्यांकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसला. तिचं लग्न झाल्यापासून भाऊ तिच्या घरी कधी मुक्कामाला राहिला नव्हता. शेळ्या राखणाऱ्याला कुठली सवड? यायचा, जेवायचा, उन्हं कलायच्या आत निघायचा. आता राहावंच लागणार होतं.

पाच फडे फळीवर सावलीत ओळीनं मांडले आणि घराचं रूपच पालटलं. बिरप्पा गिरणीतून धावत येऊ लागला; कपडे झटकताना जिन्यातूनच मेव्हण्याला हाका मारायचा. सुंदरम्मानं पाहुण्याला म्हणून केळफुलाची भाजी पाठवली आणि काट्याच्या झाडाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सिदानं जातं टाकी मारून धारदार केलं, मोडकं दार नीट केलं, सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन आला. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मायाक्काला दोनदा निरोप गेला. तिचाही एक आला, जनावरं बरी हाईत, काळजी नगं. बाळाबाई रोज काहीतरी वेगळं रांधायची आणि रोज भावाच्या पानाशी बसायची. "खा की. अजून घे की." त्याचे गाल जरा भरले, असं तिला वाटलं. आठ दिवसांत गाल काय भरणार? पण तिला तसं वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी सिदा अंघोळ करून तयार झाला. बाळाबाईनं फळीवरचा पहिला फडा उचलला. काप चांगला सुकला होता, खपली कडक धरली होती. नखानं खाजवलं असतं तरी काही झालं नसतं. तिनं त्यावर अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला.

"अजून वला हाय," ती म्हणाली. "दोन दिस लागतील."

सिदानं तिच्या हातातून फडा घेतला. जन्मभर शेळ्यांच्या जखमा बघितलेला माणूस तो. सुकलेलं काय, ओलं काय, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं कापावरून बोट फिरवलं. बहिणीकडं बघायचं त्यानं टाळलं आणि फडा अलगद परत फळीवर ठेवला.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "वलाच हाय."

मग तो खाली बसला आणि पायताणं काढू लागला.